मी न केलेला फोन

पुरुषोत्तमने माझ्या बापाला फसवलं, आणि माझं नाव घेऊन फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात उलटं सांगितलं जातं. माझ्यासारखे जे बाहेर पडले, कोणी पुण्याला, कोणी रायपूरला, कोणी इथंच आखातात, त्यांच्या कानावरही उलटंच गेलंय.

इकडे यायला साकोलीच्या स्टँडवरून मी नागपूरच्या बसमध्ये बसलो तेव्हा आई खिडकीतून मुरमुऱ्यांची पिशवी आत ढकलत होती आणि कंडक्टरशी भांडत होती. बाबा खाली उभे होते. मी खिशातून जीपचा रोटर काढला, फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिला. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली बसणारा अंगठ्याएवढा तुकडा. तो काढला की इंजिनाला ठिणगी मिळत नाही, गाडी जागची हलत नाही.

"बाबा, ब्रेकचं रबर मी तिकडून पाठवतो. ते बसल्यावर मी फोन करीन, तवाच हे पुरूले द्याजा."

"हो ना बाबू," ते म्हणाले. "पण तू तिकडं कोणासंग भांडू नोको. परक्या मुलखात सोडवाले कोणी येत नाही."

बस निघाली. पुरुषोत्तम, म्हणजे आमचा पुरू, बाबांच्या शेजारीच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

ती जीप मी सरकारी गाड्यांच्या लिलावात घेतली होती. पत्रा चाळणीसारखा झालेला, मागचं एक चाक गायब. बोली बोलणारे बाकीचे भंगारवाले होते, त्यांना लोखंडाचं वजन दिसत होतं. मी भाव पाडायला दिवसभर तिला शिव्या घातल्या, लाथा मारल्या, "कुत्रंबी बसनार नाही हिच्यात" म्हणालो, आणि संध्याकाळी घेऊन आलो. तिचे सुटे भाग जगात कुठेच मिळत नव्हते, निदान आमच्या जगात नव्हते. तुमसरच्या राइस मिलमधल्या जुन्या डिझेल इंजिनाच्या रिंगा कानशीने घासून बसवल्या. हेडची गॅस्केट मिलच्याच बॉयलरच्या पत्र्यातून कापली. ब्रेकच्या सिलिंडरमध्ये रबराच्या जागी हातपंपाचा चामडी वायसर घातला. जीप मी बांधली, पळवायचा पुरू. त्याचा बाप गावचा पाटील, शेत मोठं, पेट्रोल त्याचं, आणि भीती नावाची गोष्ट त्याच्यात नव्हती.

ती शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, बंद असण्याची वर्षं होती. कोर्टाने बैल थांबवले, पण माणसांच्या अंगातली खुमखुमी कोण थांबवणार? पटाच्या त्याच दोन पट्ट्यांवर, शेजारी शेजारी, आम्ही जीपा सोडू लागलो. पलीकडच्या गावची मंडळी ओरडायची, "अबे, तुमच्या जीपले बैल जुपा, मंग पळंल!" आमच्यातला कोणी उत्तर द्यायचा, "बैल बंद आहेत गा, तुलेच जुपतो." आणि मग दगड. चालू करायला हँडल मारताना इंजिन उलटं फिरलं की मनगट मोडायचं. माझं दोनदा मोडलं. एकदा रेडिएटरचं झाकण उडालं आणि आमच्याच एकाच्या गळ्यावरची कातडी दुधाच्या सायीसारखी निघाली. हरलेले जिंकलेल्यांना बदडायचे. जिंकलेले आधीच काठ्या घेऊन यायचे. मला ते सगळं आवडायचं, हे लपवत नाही.

एक नियम मात्र सगळी गावं पाळायची. रोटर फिटरकडे राहायचा. धावण्याआधी त्याने लोकांसमोर तो बसवायचा. बसवला, म्हणजे ब्रेक, स्टीअरिंग, चाकं पाहिली, जबाबदारी माझी. काही मोडलं, कोणाला लागलं, तर ड्रायव्हरला कोणी हात लावायचा नाही आणि रोटरवाल्याला सोडायचं नाही. या नियमानेच मी गावात माणूस झालो. ज्याच्या बापाने दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत चिखलणी करून आयुष्य काढलं, त्या मनोहरने, म्हणजे मी, मान हलवल्याशिवाय पाटलाच्या पोराच्या हातची जीप सुटत नव्हती. पुरूला ते खुपत होतं. मला तेव्हा दिसलं नाही, आता दिसतं.

वायसरचं दुखणं त्याला ठाऊक होतं. चामडं तेल पितं, फुगतं, चार धावा झेलतं आणि मग ब्रेकचं पेडल एकदम फळीला टेकतं. शेवटच्या वेळी आम्ही दोघं असेच जीपसकट बोडीच्या, लहान तळ्याच्या, पाण्यात गेलो होतो. पुरू भिजलेला, हसत होता. मी त्याला तिथेच सांगितलं, आता रबर आल्याशिवाय नाही.

शारजात मला जुन्या गाड्यांच्या यार्डात काम मिळालं. आज त्याच रस्त्यावर माझं स्वतःचं दुकान आहे. पठाण येतात, सुदानी येतात, सगळ्यांशी त्यांच्या भाषेत भाव करतो. "यल्ला, खल्लास, आखरी बात" म्हणत गिऱ्हाइकाला दारापर्यंत जाऊ देतो आणि तिथून परत आणतो. इथे इंजिनं ढिगाने पडलेली असतात. ज्या सिलिंडरसाठी आम्ही जीव टाकत होतो, तसली इथे लाथेने बाजूला सारतात. एका पोऱ्याने परवा फोनवर क्युबाचा व्हिडिओ दाखवला. म्हाताऱ्या अमेरिकन गाड्या, आत भलत्याच गाडीचं इंजिन, भाग मिळत नाहीत म्हणून घरीच घडवलेले, आणि लोक त्यांची शर्यत लावतात. पोऱ्या म्हणाला, "सेठ, पागल लोग हैं." मी त्याला दुकानाबाहेर काढला. नंतर तो व्हिडिओ एकटाच पुन्हा पाहिला. ती माणसं मला इथल्या कोणाहीपेक्षा जवळची वाटली.

तर, फोन. आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता. मी पुरूच्या मोबाइलवर करायचो, तो घरी जाऊन आईच्या कानाला लावायचा. त्याच विश्वासावर त्याने हात मारला. पलीकडच्या गावाने आव्हान दिलं होतं आणि याने चौकात हो म्हणून टाकलं होतं. माझं रबर अजून इकडेच होतं, गावाकडे जाणारा माणूस मिळायचा होता. पुरू घरी आला आणि म्हणाला, "काका, मनोहरचा फोन आला होता. रोटर दे म्हणते. ब्रेक चालते म्हणते, इचारलं त्याले." आई तिथेच तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "मले काहून नाही देला मंग फोन?" पुरू म्हणाला, "घाईत होता जी, गिऱ्हाइक होतं." बाबांनी फडकं सोडलं. एवढंच नाही, पोराचं काम म्हणून स्वतः मैदानात गेले आणि माझ्या जागी उभं राहून लोकांसमोर रोटर पुरूच्या हातात दिला.

मग ते पट्टीच्या टोकाला, तणसाच्या ढिगाजवळ जाऊन उभे राहिले. जीप थांबवायला आम्ही तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, रचत असू. जीप पहिली आली. पेडल फळीला टेकलं. पुरूने उडी मारली. जीप तणसातून कागदातून जावी तशी गेली आणि तिने बाबांना तलावाच्या पाळीवर दाबलं. इंजिन चालूच होतं, चाकं फिरतच होती. लोकांनी ती उलटी ओढली तेव्हा उजवा पाय गुडघ्यापासून नुसता कातडीवर होता. नागपूरला मांडीपासून कापला.

बाबा तिथे रक्तात पडलेले असताना पुरू लोकांना काय म्हणाला? "मी काय करू? मनोहरनंच सांगतलं होतं, ब्रेक ठीक आहे." रोटर माझा, जबाबदारी माझी. नियम सगळ्यांना पाठ.

कफीलकडून, ज्याच्या व्हिसावर आलो त्या मालकाकडून, पासपोर्ट काढायला वेळ लागला. गावात पोचलो तो घरी न जाता पानठेल्यावर गेलो. पुरू तिथे होता. जीपचं लोखंडी हँडल मी तिच्या शेडमधून उचलून नेलं होतं. पहिल्या फटक्यात त्याचं खांद्याचं हाड गेलं, दुसऱ्यात दात. तिसरा मारू दिला नाही, सहा जणांनी धरलं. तोंडात रक्त असताना तो म्हणाला, "मार ना बे! बापाले लंगडा केला, आता मले मार." आणि लोकांनी माना हलवल्या. तसा फोन केलाच नाही हे दाखवायला मी माझा मोबाइल पुढे केला. त्यात त्या आठवड्यात त्याच्या नंबरवर केलेले कॉल होतेच, आईशी बोललो होतो ना! माझाच फोन माझ्यावर उलटला.

घरी बाबा खाटेवर होते. मी म्हणालो, मी नाही सांगितलं. ते भिंतीकडे पाहत म्हणाले, "खोट्याचाच हात पहिले उठते." आई म्हणाली, "पोरगा म्हणून राहिला ना, आयका तं." ते म्हणाले, "लिलावात माह्या मरणाची शपथ खाऊन भाव पाडे हा. मी काय जाणत नाही का याले?"

धंद्यात बोलतो ते खोटं नसतं, तो भाव असतो. हे बाबांना कसं समजावू? अजून समजावू शकलेलो नाही. घर आता पक्कं आहे, मी बांधून दिलं. जयपूरहून पाय आणला. तो कोपऱ्यात उभा आहे, बाबा लावत नाहीत. मी फोन केला की आई बोलते. मागून बाबांचा खोकला ऐकू येतो, शब्द येत नाही. तुम्ही बाहेर राहणारे सण-वार आले की गावाची आठवण काढता, मला ठाऊक आहे. माझं गाव म्हणजे त्या फोनमधला तो खोकला. तेवढंच उरलंय, आणि ते म्हातारं होत चाललंय.

म्हणून पुरुषोत्तम, हे तुझ्यासाठी. मला माफी नको, तुझी हाडं पुन्हा मोडायला मला येता येतं. माझ्या बापाच्या खाटेजवळ बस आणि त्यांना सांग, फोन आला नव्हता. आईसमोर सांग. ज्यांनी पानठेल्यावर माना हलवल्या, त्यांनीच तुला तिथवर न्यावं. त्यांच्याकडेही उत्तर मागतोय मी. बाबांना आता नीट ऐकू येत नाही. मोठ्याने सांग, आणि ते ऐकू शकतात तोवर सांग.