अक्काचा नमुना

अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, कनेरगाव नाका या गावी दिलेलं. तिच्या पायांवरची सूज उतरेना, तेव्हा हिंगोलीच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासायला सांगितलं. असे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी तयार करणं हीच माझी पुण्यातली नोकरी. म्हणून तुकडा टिकवणाऱ्या द्रावणाची बाटली घेऊन मीच गेलो.

तुकडा शेवईएवढा निघाला. त्याचं टोक पात्यानं कापून मी लगेच बाटलीत सोडलं, कारण पेशी पाहता पाहता बिघडतात. बाटली थंड डब्यात ठेवली, पण बर्फाला टेकू दिली नाही. तुकडा गोठला की वाया जातो. अक्का पलंगावरून बघत होती.

"काहून एवढं जपून राहिलास? लेकराला बी कुणी असं धरीत न्हाई."

पुण्यात वरिष्ठांनी विचारलं, हे काम दुसऱ्याला देऊ का. मी नको म्हणालो. ऑस्मियमच्या द्रावणात तो तिळाएवढा कण काळाकुट्ट झाला. मग अल्कोहोलनं त्यातलं पाणी काढलं, राळेत बसवून भट्टीत घट्ट केला आणि हिऱ्याच्या सुरीनं काप घेतले. ते पाण्यावर चंदेरी तरंगतात, जोरात श्वास सोडला तरी विखुरतात. माझा हात जरासुद्धा थरथरला नाही, याचं अजून वाईट वाटतं.

पडद्यावर मूत्रपिंडाच्या चाळणीत बारीक धाग्यांचा गुंता दिसला. असे धागे मी अनोळखी माणसांच्या नमुन्यांत पाहिले होते. त्यांचं पुढं काय होतं, तेही ठाऊक होतं.

संध्याकाळी अक्काचा फोन आला. डॉक्टर सांगतील, एवढंच मी म्हणालो.

"तू आधी पाह्यलंस, व्हय ना? मग आईला तूच सांग. मला न्हाई जमायचं."

मी आईकडे, गावी कुरुंद्याला गेलो. आई अंगणात हळद वाळत घालत होती. तिनं हात न थांबवता सगळं ऐकून घेतलं आणि जेवून जा म्हणाली.

अक्का त्यानंतर सात महिने होती.

तेरावं झाल्यावर आईनं विचारलं, तो तुकडा फेकला का. राळेत बसवलेले नमुने सांभाळून ठेवावे लागतात, तोही कपाटात आहे, असं मी सांगितलं. तो ती मागेल असं मला वाटलं. पण तिनं एवढंच विचारलं, "तिथं उजेड येतो का?"

मी येतो म्हणालो. खरं तर ते कपाट कायम बंद असतं.