सिरिल गार्नहॅमची पाटी

लिटल वेनफर्डच्या सिरिल गार्नहॅमने चाळीस वर्षं गावाची पत्रं वाटली, पण जीव सगळा चर्चच्या मनोऱ्यात. तिथं सात घंटा, सात दोर, सात माणसं. सात घंटा मागंपुढं करून वाजवायचे क्रम होतात पाच हजार चाळीस. ते सगळे वाजवायचे, एकही दुसऱ्यांदा येता कामा नये आणि हातात कागद नाही. तीन तास लागतात. साधलं, की सातांच्या नावांची पाटी मनोऱ्याच्या भिंतीवर कायमची. खाली गावाला एवढंच कळतं, की आज डोकं उठणार.

वाजवण्याहून सिरिलला जास्त नाद दुसऱ्याची चूक धरण्याचा. बत्तीस वर्षांपूर्वी शेजारगावच्या पर्सी थर्कटलने आखलेल्या मांडणीत, म्हणजे कोणत्या क्रमामागून कोणता वाजवायचा त्या आराखड्यात, एक क्रम दोनदा आलेला त्याने हुडकला आणि घंटावाल्यांच्या साप्ताहिकाला लांबलचक पत्र धाडलं. पर्सीची पाटी उतरली. पुढं तिचं खुराड्याचं दार झालं. तेव्हापासून पबमध्ये कुणी 'कसं काय' विचारलं, तरी सिरिल हीच गोष्ट ऐकवायचा.

यंदा त्याने स्वतःची मांडणी वाजवून घेतली. साप्ताहिकात ती छापूनही आली. युक्ती झकास होती: निम्म्यापर्यंत घंटांची अदलाबदल जशी केली, तशीच पुढं उलट्या बाजूनं करायची, आरशात बघावं तसं; क्रम मात्र नवे निघतात. मग निम्मंच तपासलं की झालं, असं साहेबांनी परस्पर ठरवलं. पाटी रंगून आली, रविवारी लावायची. शुक्रवारी चहा पिता पिता त्याने सहज चाळा म्हणून दोन्ही निम्मे शेजारी ठेवले. पहिल्यातला एक क्रम दुसऱ्यातही होता. आणि आरसा मोठा इमानदार, एका चुकीवर कसा थांबेल? तिची जोडीदारीणही निघालीच.

"कोणाला कळतंय?" बायको एडना म्हणाली. "आपल्या पाद्रीबुवांना सातापर्यंत मोजता आलं तरी खूप."

"मला कळलंय ना."

"मग खा आता तोंड मिटून."

पण शनिवारी सकाळीच तो सायकल हाणत पर्सीकडे गेला. पर्सी कोंबड्यांना दाणे टाकत होता.

"पर्सी, माझी मांडणी खोटी आहे. दोन क्रम दोनदा आलेत."

"ठाऊक आहे. महिना झाला."

"मग साप्ताहिकाला लिहिलं का नाहीस?"

"तीनदा लिहायला बसलो. मग म्हटलं, बघू तरी, गड्याला स्वतःची चूक धरता येते का."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं सिरिलला झालं. "पत्र मीच लिहितो," तो कसंबसं म्हणाला.

"लिही. लांबलचक लिही," पर्सी म्हणाला. "आणि पाटी फेकू नकोस. चांगलं ओकचं लाकूड आहे. खुराड्याला मागनंही एक दार लागतंय."

सोमवारी त्या दाराच्या बिजागऱ्या सिरिलनेच ठोकल्या.