पडद्यावरचं भिंग

सकाळच्या उन्हात खुर्ची ओढून अण्णा वाचत बसले होते आणि हातातल्या ई-रीडरवर त्यांनी भिंग धरलं होतं. तळहाताएवढा पडदा, त्यात मावावं म्हणून आक्रसलेलं पीडीएफचं अख्खं पान, आणि त्यावर माझ्या वडिलांचं भिंग. मला स्वतःचाच संताप आला. घरात जागा नाही म्हणून त्यांची पुस्तकं मीच स्कॅन केली होती आणि मूळ प्रती रद्दीत घातल्या होत्या.

“दिसत नाही, हे सांगायचं नाही का?”

“तू एवढं हौसेनं दिलंस. आणि दिसतं रे, जरा वेळ लागतो.”

वडिलांची सोय म्हणून मी जे जे केलं, ते बहुतेक माझ्याच सोयीचं होतं. मी ई-रीडर जवळजवळ हिसकावून घेतला. पानाचे समास कापले, पडदा आडवा केला. अक्षरं दुप्पट झाली.

“आता वाचा.”

त्यांनी भिंग खिशात ठेवलं, दोन ओळी वाचल्या आणि पडद्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

“माझं लिहिलेलं कुठे गेलं?”

शाळेत शिकवत होते तेव्हा समासात ते पेन्सिलीनं लिहून ठेवत, कुठल्या मुलाचं कुठे अडलं ते. सगळी पानं माझ्या हाताखालून गेली होती, आणि मी ते एकदाही वाचलं नव्हतं.

मी समास परत आणले. अक्षरं पुन्हा मुंगीएवढी झाली. अण्णांनी खिशातून भिंग काढलं.