मांजरीचं पाणी आणि रुमालाखालची बोटं

उशीर झाला, माफ करा. हडपसरपुढच्या मांजरीहून परत येऊन पंधरवडा झाला, पण आधी गुडघा धरला, मग मोबाइलवर लिहिलेलं सगळं पुसलं गेलं. शाळा सातवीपर्यंतच, तेव्हा चुका पोटात घाला.

जायचं ठरलं धाकट्या बहिणीमुळे. हिरा मांजरीत बांधकाम मजुरांसाठी खानावळ चालवते. फोनवर म्हणाली, "दादा, रविवारी पाण्याची बैठक हाय. काही ठरलं न्हाई तर खानावळ बंद करते." मग मला कुठलं जेवण जातंय!

कोथरूडहून बसने स्वारगेट, तिथून मार्केट यार्ड. ज्येष्ठांनी पास काढावा, परवडतो. आणि निघण्याआधी लघवीला जाऊन यावं, हडपसरला बस अडकली की अडकलीच. मार्केट यार्डात मी उभी हयात हमाली केली. हिरासाठी मेथी घेताना जुना जोडीदार उस्मानभाई भेटला.

"या कोथरूडकर! खांद्यावरचा रुमाल सुटला नाही अजून?"

"सुटेल कसा? घाम काय कोथरूडला येत नाही?"

आमच्या वेळी अशाच रुमालाखाली भाव ठरायचा. अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबायचे, जितकी बोटं तितका आकडा. ज्याचा माल, तो शेतकरी नुसता तोंडाकडे बघत उभा. पुढे भाव ओरडून पुकारायचा नियम आला. शेतकऱ्याला निदान ऐकू तरी यायला लागलं.

मांजरीत उसाला खेटून उंच इमारती उठल्यात. मागच्या बाजूला हिराची गल्ली. नळाला पाणी येतं, पण कधी, ते वॉल्व्ह फिरवणाऱ्याला आणि त्याच्या ओळखीच्यांनाच ठाऊक. म्हणून घरटी एक बाई घागर लावून बसलेली. शेजारच्या सुनंदाला, वर्ध्याकडची आहे ती, कारखान्यात काम मिळत होतं. पाण्यापायी गेली नाही. माणसं गरीब राहतात ती अशी, नळाकडे बघत.

बैठक मारुतीच्या देवळात. पाणीखात्याच्या इंजिनिअर बाई आल्या होत्या. माझ्या शेजारी एक अण्णा बसले, गल्लीतली कामं 'करून देणारे'. पूर्वी ते यार्डात भाजी आणायचे. त्यांनी माझ्या मांडीवरच्या रुमालाखाली हात घातला आणि माझी दोन बोटं दाबली. म्हणजे हिराला रोज दोन तास पाणी. "फक्त बहिणीला गप्प बसवा," कानात म्हणाले.

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. मी हिराला खुणावलं, घे म्हणून. तिने रुमालच ओढला.

"अण्णा, दादाच्या हातात काय देताय? मोठ्यांदा सांगा की!"

सुनंदा मागून ओरडली, "आमाले बी सांगा ना जी!"

सगळं देऊळ हसलं. अण्णा चपला शोधायला लागले.

इंजिनिअर बाई म्हणाल्या, "पाणी आहे तेवढंच आहे हो."

"थोडं द्या," हिरा म्हणाली, "पण वेळ सांगून द्या. बदलली तर आदल्या दिवशी सांगा, देवळाच्या भोंग्यावर."

बाईंनी सगळ्यांसमोर प्रत्येक गल्लीची वेळ ठरवली आणि देवळाच्या भिंतीवर रंगवून घेतली. खाली तक्रारीचा नंबर. मी मुक्काम वाढवला, मला धीर कुठला! सकाळी नळ वेळेवर बोलायला लागला. सुनंदा घागरी भरून कारखान्यात काम विचारायला गेली. हिराने पिठलं-भाकरी केली. जाल तेव्हा ठेचा बेताने घ्या, पोट माझंही बिघडलं.

घरी मुलगा म्हणाला, "बाबा, भिंतीवरच्या वेळा भिंतीवरच राहतात." असेल. पण सगळ्यांनी कानांनी ऐकलेली वेळ चोरणं सोपं नाही, असं मला वाटतं. तरी जीव टांगणीला आहे. हिराला फोन केला की ताप असला तरी "बेस हाय" म्हणते.

म्हणून विनंती, कुणी तिकडे गेलात तर तिच्याकडे जेवा आणि इथे खाली लगेच लिहा. पाणी वेळेवर येतं का विचारा. दुपारी सुनंदाच्या दाराला कुलूप दिसलं, तर तेवढंच लिहिलंत तरी चालेल. त्या कुलपाची मी वाट बघतोय.