मॉलमधली जुनी भिंत

परवा मी मॉलमध्ये स्वतःची जी शोभा करून घेतली, ती आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. नाहीतरी काटोलपर्यंत पोचलीच आहे.

काटोलचे आमचे व्याही, म्हणजे मुलीचे सासरे, पहिल्यांदाच आमच्याकडे नागपूरला मुक्कामाला आले. संत्र्याची बाग सांभाळणारा, कमी बोलणारा माणूस. त्यांच्यावर आपली छाप पडावी, म्हणून मी त्यांना घराजवळच्या मॉलमध्ये नेलं.

हा मॉल माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला. सुरुवातीला दोनच मजले, त्यातली अर्धी शटरं बंद. मे महिन्यात लोक नुसते गारव्याला यायचे आणि सरकत्या जिन्यावर बायकोचा हात धरून उभे राहायचे. मग वर सिनेमा आला, त्याच्यामागे खाण्याची दुकानं आली, शेजारी दुसरी इमारत उठली आणि दोन्हींना जोडणारा पूल झाला. हे सगळं मी व्याह्यांना सांगितलं, आणि ते सगळं खरं होतं. तिथंच थांबलो असतो तर?

व्याह्यांनी विचारलं, "अन् मॉलच्या आधी काय होतं जी इथं?"

माहीत नाही म्हणायला काय झालं होतं मला! पण म्हणालो, "जिनिंग फॅक्टरी."

लहानपणी या भागात कापसाच्या गाड्या पाहिल्याचं अंधुक आठवत होतं. तेवढ्यावर मी सुटलो. इथं गेट, इथं कापसाचे ढीग, तिथं बॉयलर.

मागे मौद्याच्या बचत गटातल्या बायका होत्या. त्यांना वाटलं, मॉलनंच माहिती सांगायला माणूस ठेवला आहे. त्या सोबत चालू लागल्या. आणखी दोन कुटुंबं येऊन मिळाली. पंचवीस माणसं ऐकतायत म्हटल्यावर माझा आवाज चढला. बायका मला गुरुजी म्हणू लागल्या.

पुढे एका कॉफीच्या दुकानाची विटांची भिंत दिसली. ही फॅक्टरीची मूळ भिंत, मुद्दाम राखून ठेवलेली, असं मी ठोकून दिलं. दोघींनी फोटो काढले. एकीनं हात लावून नमस्कार केला आणि सहज बोटानं ठोकून पाहिलं. आवाज पोकळ आला. विटांचं चित्र छापलेला प्लास्टिकचा पत्रा होता तो! नागपूरच्या उन्हानं विटा आतून पोकळ होतात, असं मी सांगितलं. व्याही माझ्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात घोळक्यातल्या एक म्हाताऱ्या बाई पुढे आल्या. त्यांचं माहेर याच मोहल्ल्यातलं निघालं.

"गुरुजी," त्या शांतपणे म्हणाल्या, "जिनिंग तं रोडच्या त्या बाजूले होती. इथं कोंडवाडा होता. माह्या बापाची म्हैस दोनदा सोडवून नेली मी इथून."

"आणि बॉयलर?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"बॉयलर नाही जी. तुम्ही दाखवून राहिले तिथं ढोरांचं पाण्याचं टाकं होतं."

पंचवीस माणसं हसली. व्याहीही हसले; दोन दिवसांत पहिल्यांदाच.

माझा चेहरा पाहून बाईंना वाईट वाटलं असावं. त्यांनी आपुलकीनं विचारलं, "मनाले नोका लावून घेऊ, गुरुजी. खरंच शाळेत होते काय तुम्ही? काय शिकवत होते?"

बत्तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसानं काय सांगावं?

मी म्हणालो, "गणित."