तापीकाठचा गोवा

नदीचा किनारा वाचवायला चार माणसं जमली की किनारा वाचो न वाचो, किस्से मात्र ढिगाने साठतात. आमच्या समितीत खरंच चारच माणसं. अध्यक्ष नाना, रिटायर्ड बस कंडक्टर. गौतमभाऊ, धुळ्याच्या कोर्टात वकील. अक्का, जिची नदीच्या वाळूत टरबुजांची वाडी. आणि मी, शिंदखेड्यातला फोटो स्टुडिओवाला. समोर अख्खा विकास!

भानगड अशी. गावाजवळ तापीने वाळूचा मोठा पट्टा टाकलाय. उन्हाळ्यात सुरय पक्षी तिथे उघड्यावर अंडी घालतात, कासवं ऊन खात पडतात. आमचे एक पुढारी, ज्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणतात, सहकुटुंब गोव्याला जाऊन आले. लोक काजू आणतात, यांनी कल्पना आणली. 'तापी बीच!' कॉटेज, स्पीडबोट, सेल्फी पॉइंट. समुद्र तेवढा आणायचा राहिला.

* * *

नरडाण्याच्या चौकात फ्लेक्स लागला. निळंशार पाणी, पाण्यातून उडी मारणारा डॉल्फिन आणि त्याच्याकडे बघून हसणारे साहेब.

नाना बराच वेळ बघत उभे राहिले. मग साहेबांच्या कार्यकर्त्याला विचारलं, "भाऊ, हाऊ मासा कव्हय येनार शे?"

तो जराही न लाजता म्हणाला, "सेकंड फेजमध्ये!"

* * *

मग सर्वेला कन्सल्टंट आला. पांढरे बूट, काळा गॉगल. त्याने ड्रोन उडवला तो नेमका पिल्लांच्या डोक्यावरून. सुरयांचा थवाच्या थवा तुटून पडला, ड्रोन गटांगळ्या खात थेट तापीत!

पुढच्याच बैठकीत साहेबांपुढे हा ठासून सांगतो, "पट्ट्यावर पक्ष्यांचा वावर नाही."

गौतमभाऊ म्हणाले, "मग तुमचा ड्रोन पाडला कोणी?"

"टेक्निकल एरर!"

* * *

जनसुनावणी ठेवली गावापासून लांब, एसी हॉलमध्ये. आम्हाला जायला वाहन मिळेना, कसेबसे पोचलो. साहेबांची माणसं मात्र टेम्पो भरभरून आली. त्यांना एवढंच शिकवलेलं, की बोलणारा थांबला की टाळ्या वाजवायच्या.

अक्का उठली. "आठे पाखरं ऱ्हातस, आम्हनी वाडी शे. तुम्हले गोवा पाह्यजे व्हई ते गोवाले जा!"

आणि थांबली. टाळ्यांचा असा कडकडाट झाला म्हणता! मोबाइलमध्ये डोकं घातलेले साहेबसुद्धा वाजवायला लागले. वाजवून झाल्यावर शेजारच्याला विचारतात, "काय म्हणाली?"

* * *

या टाळ्यांचा व्हिडिओ गावोगाव फिरला. वारं फिरलंय म्हटल्यावर साहेब स्वतः नानांच्या ओट्यावर हजर. "नाना, निसर्ग मलाही प्रिय आहे. तुमच्या समितीत मला मार्गदर्शक म्हणून घ्या." म्हणजे बीच बांधणारेही हेच आणि वाचवणारेही हेच!

नानांनी चष्मा पुसला. म्हणाले, "साहेब, गाडी फुल्ल शे. मांगेनी गाडीमा या!"

* * *

तरी भूमिपूजन झालंच. मंडप, ढोल, नारळ. साहेबांचं नाव कोरलेली काळी कुळकुळीत कोनशिला वाळूत उभी केली. त्यासाठी अक्काचे वेल उपटले. ती दिवसभर त्या उपटलेल्या वेलांपाशी बसून होती. संपलं सगळं, असंच वाटलं.

पावसाळ्यात तापीला पूर आला. मंडपाचे खांब, पत्र्याचं ऑफिस, कोनशिला, सगळं गेलं. पैसे लावणारा पार्टनर बिथरला आणि प्रकल्प 'फेरविचारासाठी' थांबला.

पाणी ओसरल्यावर ठेकेदाराचा सुपरवायझर कोनशिला शोधायला आला. साहेबांचा हुकूम! चिखल तुडवून तुडवून थकला. काठावर अक्का एका सपाट काळ्या दगडावर लुगडं आपटत होती. तिने लुगडं बाजूला घेतलं, दगडावर पाणी ओतलं, पदराने पुसला. "बसा भाऊ."

तो टेकला. तिथूनच फोन लावला, "सर, अख्खा काठ पाहिला. कोनशिला कुठेच नाही."

फोन ठेवून त्याने दगडावरून हात फिरवला. "काय गुळगुळीत दगड आहे हो, अक्का! कुठून आणला?"

अक्का म्हणाली, "साहेबनी दिधा."