कापडाची सडक

एकोणीसशे बहात्तर साल. मी चौतीस वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही. पण नळदुर्गच्या हमरस्त्यावर माझ्यासारखा ट्रक घाटातून काढणारा दुसरा दाखवा, असं मी तेव्हा कुणालाही ऐकवत असे आणि आजही ऐकवतो. त्या साली पाऊस फिरकलाच नाही. माल नाही, भाडं नाही. मालकानं ट्रक विकला आणि मी जमिनीवर आलो.

बायको सडकेच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. दिवसभर दगडाची भुकटी नाकातोंडात. तिला खोकला लागला तो हटेना. नळदुर्गच्या डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि मला म्हणाला, "हिला धुळीतून काढा. औषधाचं नंतर बघू." काढून कुठं ठेवायची, ते काही तो बोलला नाही.

म्हणून मी तो खेळ केला. जत्रेत पाळणा असतो, मौत का कुवाँ असतो. पण बघणाऱ्याला नुसतं बघायचंच. मी म्हटलं, माणसाला ट्रक चालवायला दिला तर? खरा नाही, पण खऱ्यासारखा. आपल्याकडच्या हजारांत एकाला तरी स्टेरिंग हातात धरायला मिळालंय का? खेळ चालला तर या जत्रेतून त्या जत्रेत आम्ही फिरू आणि तिला पुन्हा हातोडा धरावा लागणार नाही. एवढाच हिशेब होता.

ढाब्यामागं एक उलटलेला ट्रक सडत पडला होता. त्याची सीट, स्टेरिंग, गेरचा दांडा, तिन्ही पायपट्ट्या आणि भोंगा मी काढून आणला. विहिरी आटल्यामुळं मोटा बंद होत्या, त्यांची लाकडी चाकं मागितली तशी मिळाली. जागा सोसायटीच्या गोदामात. चेअरमन म्हणाले, "खत न्हाय, बी न्हाय, तिथं मी काय उंदरं नाचवू? घे. पण साखर कारखाना व्हायलाय, ट्रॅक्टरला डायव्हर लागतील. जरा दम धर की."

"कवा व्हायलाय कारखाना?"

"व्हईल की."

दम धरायचा तर तिचा खोकला कोण धरणार?

मांजरपाटाचा लांब पट्टा घेतला, त्यावर काळ्या रंगाची सडक काढली, नळदुर्गपासून तुळजापूरच्या घाटापर्यंत. दोन्ही टोकं एकमेकाला शिवली आणि पट्टा वरच्या-खालच्या चाकांवर चढवला. मागं बसून माझा मेहुणा चाकाला लावलेला दांडा फिरवायचा, की सडक वरून खाली अंगावर येत राहायची. पुढं पत्र्याची वीतभर मोटार, ती दोरीनं स्टेरिंगला बांधलेली. स्टेरिंग फिरेल तशी डावी-उजवी सरकायची. सडकेच्या दोन्ही कडांना बायकोनं पत्र्याच्या टिकल्या ओळीनं शिवल्या. मोटार कडेला गेली की खडखडाट व्हायचा आणि डाव संपायचा. वेग वाढवायची पायपट्टी दाबली की मेहुण्याच्या दंडाला बांधलेली दोरी ओढली जायची. जितकी ओढ, तितक्या जोरात त्यानं दांडा फिरवायचा.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "बैलाला तरी कासरा नाकात असतो. मला दंडात?"

"नाकात बांधू का?"

गावातल्या माणसांना बसवून बघितलं. पहिल्यांदा सगळे खूश. दुसऱ्यांदा कुणी बसेना. क्लच न दाबता गेर टाकला की मी सडक थांबवायचो, पुन्हा पहिल्यापासून. ट्रकला तसंच असतं. एक जण उठून म्हणाला, "ह्यापरीस शाळा बरी व्हती, तिथं मास्तर तरी मधीच झोपायचा."

मला राग आला. बायको पदर तोंडाला लावून हसत होती, हसताहसता खोकली.

"अवो, तुमी मान्साला डायव्हर करायला निघालाव, का त्येचं मन रमवायला?"

"दोन्ही."

"मग सडक अशी मोकळी का? आपल्या सडकंवर कवा मोकळं असतंय? शेरडं येत्यात, यष्टी अंगावर येती, म्हातारी मधीच हुबी ऱ्हाती."

तिनं चिंध्यांची शेरडं केली, एसटी केली, डोक्यावर घागर घेतलेली म्हातारी केली आणि सडकेवर टाचली. त्यांना चुकवत मोटार न्यायची. क्लचचा आग्रह मी सोडला, जीव तुटला तरी सोडला. आणि गोदामात हसण्याचा जो कल्लोळ उठला तो त्या साली गावात दुसरीकडं कुठं ऐकला नव्हता. एकानं मुद्दाम म्हातारीला उडवलं आणि म्हणाला, "माझी सासू हाय ती."

मग मी माझ्या मनानं एक भर घातली. घाटात अवघड वळणावर ड्रायव्हर लोकांची एक देवी होती, कुणीतरी मांडलेला शेंदराचा दगड. तिला भोंगा दिल्याशिवाय आम्ही कुणी वळण घेत नसू. ती देवी मी पट्ट्यावर काढली, वळणाच्या तोंडालाच. शेंदूर, दोन डोळे, वर झेंडा. नेम असा, की तिला भोंगा द्यायचा आणि वळण काढायचं. सगळ्यात मजेची जागा तीच होणार याची मला खात्री होती.

आश्विन पौर्णिमेला तुळजापुरात एका लॉजवाल्यानं लॉजशेजारी जागा दिली. दुष्काळ असला तरी सोलापूरकडून चालत येणारी माणसं यायची ती आलीच. पहिला माणूस बसला. शेरडं चुकवली, एसटी चुकवली, घाटात आला. देवी दिसली आणि त्यानं स्टेरिंग सोडून दोन्ही हात जोडले. खडखडाट. डाव गेला.

दुसऱ्यानं तेच केलं. तिसऱ्यानं तेच. सोलापूरकडची एक म्हातारी हौसेनं बसली होती, तिनं हात जोडून डोळेसुद्धा मिटले.

"आजी, हरलात."

"आईच्या पाया पडलं म्हनून हरले?"

"गाडीत बसल्यावर हात सोडायचे न्हाईत. भोंगा द्यायचा."

"आईला भोंगा? अरं मुडद्या, तुझ्या आईला हाक मारताना तू भोंगा वाजवतूस का?"

माणसं हसली, पण उठून गेलीसुद्धा. दुपारपर्यंत बोलवा झाली, की त्या खेळात देवीला नमस्कार केला की माणूस हरतो. मग कुणी फिरकेना. मी अडून बसलो. वळणावर हात सोडणारा ड्रायव्हर दरीत जातो, यात मी काय खोटं दाखवलं?

बायको म्हणाली, "तेवढं वळण काढा. सरळ सडकंला देवी ठिवा. लोक हात जोडतील, मोटार नीट जाईल."

"खोटी सडक हाय ती."

"सगळीच कापडाची हाय," ती म्हणाली. एवढंच. नंतर बराच वेळ तिला खोकल्यानं बोलू दिलं नाही. मी कात्री तिच्या हातात दिली.

तिनं वळण उसवलं आणि तिथं सरळ तुकडा जोडला. दुसऱ्या दिवशी माणसं आली. देवी आली की हात जोडायचे, मोटार आपली सरळ चाललेली, मग पुन्हा स्टेरिंग धरायचं. लोकांना हे फारच आवडलं. सकाळीच गर्दी लागली. मेहुण्याचा दंड सुजला. बायको सडकेच्या बाजूला सुईदोरा घेऊन बसलेली, आणि तिच्या तोंडावर मी कितीतरी महिन्यांनी उजेड बघितला. मला वाटलं, लागलं आता जुळायला.

मग एका बाईनं देवी समोर आल्यावर हळदकुंकू टाकलं. तिच्या मागच्या बाईनंही टाकलं. एकीनं ओटी भरली. दुपारी माणसं सीटवर बसण्याआधी चपला काढायला लागली. स्टेरिंगला कुणी हातच लावेना. मेहुण्याला म्हणायची, "बाबा, आईपाशी जरा थांबीव." सडक थांबायची, माणसं पाया पडायची आणि उतरायची. शेरडं, एसटी, माझी सगळी वळणं पलीकडं लोंबकळत राहिली. मी ओरडून सांगत होतो, हा ट्रकचा खेळ आहे, चालवून बघा. एक जण हळूच म्हणाला, "ओरडू नका महाराज, लेकरं दर्शन घेत्यात." मला महाराज!

मेहुणा खुशीत. "दाजी, वर एक घंटा टांगू फक्त. कशाला शेरडं चुकवत बसायचं?"

तेवढ्यात लॉजवाला आला. कपाळाला हात लावून म्हणाला, "अवो, तुमाला खेळाला जागा दिली म्या. इथं देऊळ एकच हाय. उद्या सगळं गाव माझ्या दारात भांडायला यील. उचला."

"देवी काढून टाकतो."

"काढा."

मी रंगाचा डबा उघडला. बायकोनं हात धरला. "हळदकुंकू पडलंय तिच्यावर. त्येच्यावर काळं फासता?"

माझ्याच्यानं ते होणार नव्हतंच. कात्रीनं कापायलाही भोवतीच्या बायका देईनात. आणि ती काढली तरी बोलवा आमच्याआधी पुढच्या जत्रेत पोचणार, त्या पट्ट्यावर आता कुणी मोटार चालवणार नव्हतं, पायाच पडणार होतं. लॉजवाला दारात उभा राहिला. ओळखीच्या एका ट्रकवाल्यानं संध्याकाळी सगळं मागं टाकून आम्हाला गावापर्यंत आणलं. बायको सीटवर बसली होती, आमच्याच त्या सीटवर, हौद्यात मागं. वाटेत घाट लागला. ट्रकवाल्यानं वळणावर भोंगा दिला. तिनं हात जोडले. घरी आल्यावर तिनं देवीपुरतं कापड कापून वेगळी घडी केली. "पान्यात सोडून या," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि मेहुणा उजाडायच्या आत खडीवर गेली. मी घडी घेऊन बोरी नदीच्या पात्रात उतरलो. पाणी कुठंच नव्हतं. भादव्यातले गणपती न विरघळता वाळूत तसेच बसले होते. मी त्यांच्या पलीकडं हातानं वाळू उकरली. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा जरा ओल लागली. तिथं देवी ठेवली, वाळू लोटली आणि उरलेली सडक खांद्यावर घेऊन कामावर गेलो. चार काठ्या रोवल्या आणि खडी फोडणाऱ्या बायकांवर ती सावलीला बांधली. एक बाई वर बघत म्हणाली, "आमी सडक करायला मरायलोय, आन दादा तयार घिऊन आलं की!" सगळ्या हसल्या. बायको हसली नाही. ती सरकली आणि मला शेजारी जागा केली. मी हातोडा घेतला.